वाटेत गिअर बिघडला तर



आज आपण मोटारसायकलच्या गिअरविषयी बोलू. विषय ऐकून कोणी म्हणेल, "मास्तर, तुम्ही आता मिस्त्री झालात की काय?" तसे नाही. आम्ही जन्मभर शाळेत मास्तरकी केली. हातात खडू धरला. पाना धरला तो आपल्या गाडीपुरताच. पण त्या गाडीवरून पुष्कळ वर्षे या खेड्यातून त्या खेड्यात हिंडलो. चांगल्या मिस्त्र्यांच्या दुकानात बसून चार गोष्टी विचारून घेतल्या. त्या तुमच्या कानांवर घालाव्यात, एवढाच हेतू.

पूर्वी दाराशी बैलजोडी असे. आता पुष्कळ दारांत मोटारसायकल उभी असते. दूध डेअरीला न्यायचे, गाडीवरून. बाजाराला जायचे, गाडीवरून. पोराला ताप आला, तरी गाडीवरूनच. बैल दुखणाईत झाला की आपल्या लगेच ध्यानात येते. तो वैरण खात नाही, मान टाकतो. गाडीसुद्धा आधी सांगत असते. पण तिचे सांगणे आपण ऐकत नाही. गिअरचा दांडा आठ आठ दिवस खुळखुळतो. आपण म्हणतो, "चाललंय ना, चालू द्या." मग एके दिवशी ऐन घाटात तो दांडा लोंबकळू लागतो. गिअर वर जात नाही, खाली येत नाही. मागे बायको-पोर बसलेले, पुढे उतार, आणि दिवस मावळत आलेला.

अशा वेळी माणूस घाबरतो. घाबरला की रागावतो. रागावला की दांड्याला लाथा मारतो. पण बहुतेक वेळा बिघाड अगदी लहान असतो. एक बोल्ट सैल झालेला असतो. तो ओळखता आला तर काम पाच मिनिटांचे. लाथा मारल्या तर तेच काम इंजिन उघडण्यापर्यंत जाते. म्हणून आजच्या बोलण्याचे सार एवढेच: आधी थांबा, मग पाहा, आणि मगच हात लावा.

गिअर करतो काय?

बैलगाडी चढाला लागली की बैल हळू चालतात, पण मान खाली घालून जोर लावतात. सपाटीला आली की पाऊल झपाझप पडते. बैलाला हे शिकवावे लागत नाही. इंजिनाला मात्र ते जमत नाही. त्यासाठी इंजिन आणि मागचे चाक यांच्या मध्ये दातेरी चाकांच्या जोड्या बसवलेल्या असतात. लहान दातेरी चाकाने मोठे चाक फिरवले, म्हणजे वेग कमी होतो आणि जोर वाढतो. तो पहिला गिअर. पहारीने धोंडा उचलताना काय होते? आपला हात पुष्कळ खाली जातो, धोंडा थोडाच वर येतो. पण येतो खरा. पहिला गिअर म्हणजे तशी पहार. चौथ्या-पाचव्या गिअरला वेग जास्त, पण जोर कमी. आणि जेव्हा कोणतीच जोडी धरलेली नसते, तेव्हा गाडी न्यूट्रलला असते. इंजिन चालते, गाडी हलत नाही.

क्लचचे काम काय? विहिरीवरचे तेलाचे इंजिन आठवा. इंजिन चालू असताना पट्टा उतरवला, तर पंप थांबतो. इंजिन आपले फिरत राहते. क्लच दाबणे म्हणजे तसा पट्टा उतरवणे. क्लच सोडणे म्हणजे पट्टा पुन्हा चढवणे. पट्टा उतरवून मगच गिअर बदलायचा असतो.

आता तुमच्या पायापासून त्या चाकांपर्यंतची वाट पाहा. पाय दांड्यावर पडतो. हा दांडा एका लोखंडी शाफ्टवर बसवलेला असतो. शाफ्ट इंजिनाच्या आत जातो. आत खाचा पाडलेले एक नळकांडे असते. शाफ्ट त्या नळकांड्याला फिरवतो. नळकांडे दोन-तीन काट्यांना सरकवते, आणि ते काटे दातेरी चाके सरकवतात. नळकांडे एका वेळी एकच घर पुढे किंवा मागे जाते. म्हणून मोटारसायकलचा गिअर पहिल्यावरून एकदम तिसऱ्यावर पडत नाही. दुसऱ्या घरातून जावेच लागते.

या वाटेत दोन भाग झाले. एक इंजिनाच्या बाहेरचा, दुसरा आतला. बाहेरचा भाग आपण पाहू शकतो. आतला भाग मिस्त्रीचा. हा भेद नीट लक्षात ठेवा. वाटेत आपण करायचे ते बाहेरचेच.

आणखी एक गोष्ट. सगळ्या गाड्यांचे गिअर सारखे पडत नाहीत. काही गाड्यांत सगळे गिअर पुढे दाबून पडतात. काहींत पहिला खाली दाबून आणि बाकीचे वर उचलून पडतात. जुन्या बुलेटचा दांडा तर उजव्या पायाला होता. जुन्या जावा आणि येझदी गाड्यांत एकच दांडा किकला आणि तोच गिअरला. तेव्हा दुसऱ्याची गाडी घेऊन निघालात, तर आधी विचारून घ्या. गाडीच्या पुस्तिकेत गिअरची रीत चित्र काढून दिलेली असते. काही गाड्यांवरही ती छापलेली असते. न्यूट्रलसाठी इंग्रजी एन हे अक्षर असते आणि पुढे आकडे असतात. कालपर्यंत ते चित्र म्हणजे आपल्याला नुसत्या रेघा होत्या. आज आपल्याला वाचता येते. मग वाचून घ्यायला काय हरकत आहे?

आधी थांबा

गिअर पडेना, असे कळले की पहिले काम कोणते? वेग कमी करायचा आणि रस्त्याच्या डाव्या अंगाला, डांबर सोडून, सपाट जागी उभे राहायचे. वळणावर थांबू नका. मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. पायाकडे पाहत, दांडा चाचपडत गाडी चालवू नका. पाहायचे ते उभे राहून.

घाटात जास्त जपावे लागते. पाटणहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट लागतो. वळणामागून वळण, आणि सारखा उतार. गाडी गिअरमध्ये असते तेव्हा इंजिन तिला मागून ओढून धरते. गिअर सुटून गाडी न्यूट्रलला आली, की हा आधार जातो. सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सारखा दाबून धरला तर तापतो, आणि तापलेला ब्रेक नीट धरत नाही. म्हणून उतारावर गिअर सुटला तर वेग वाढायच्या आतच दोन्ही ब्रेक मिळून दाबा आणि पहिल्या सोयीच्या जागी थांबा. "खाली गेल्यावर बघू" असे म्हणू नका. काही मंडळी पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलवर घाट उतरतात. वाचते ते चार थेंब पेट्रोल आणि पणाला लागतो तो जीव. हा सौदा आतबट्ट्याचा आहे.

चढावर गाडी थांबली तर पुढचा ब्रेक धरून ठेवा. मागे बसलेल्या माणसाला उतरू द्या. मागच्या चाकामागे धोंडा लावा. मग गाडी उभी करा.

पुष्कळ लोक गाडी बिघडली की रस्त्यात धोंडे मांडतात, झाडाची फांदी टाकतात. मागच्याला खूण म्हणून ते ठीक. पण गाडी दुरुस्त झाली की हे बाबा निघून जातात, आणि धोंडे तिथेच राहतात. रात्री दुसरा गाडीवाला त्यावर आदळतो. आपली अडचण सरली म्हणून दुसऱ्याच्या वाटेत धोंडा ठेवू नये. जाताना प्रत्येक धोंडा उचलून बाजूला टाका.

गाडीवर आजारी माणूस असेल, अडलेली बाई असेल, तर दुरुस्तीच्या नादाला लागूच नका. सरळ १०८ या नंबरला फोन लावा. २०१४ सालापासून महाराष्ट्रात या नंबरावर रुग्णवाहिका बोलावता येते. पोलिसांची मदत हवी असेल तर ११२. फोनवर आपण कुठे आहोत हे सांगावे लागते. जवळच्या मैलाच्या दगडावर गावाचे नाव आणि किलोमीटर लिहिलेले असतात. ते वाचा आणि सांगा. माणूस आधी, गाडी मागाहून.

मग पाहा

गाडी उभी केली, आता इंजिन बंद करा. किल्ली काढून खिशात घाला. हे मुद्दाम सांगतो. गिअरच्या दांड्याजवळच झाकणाआड चेन फिरते. चालू गाडीत तिथे बोट गेले तर बोट राहत नाही. इंजिन थोडे निवू द्या. तोवर खाली बसून नुसते पाहा. दांडा हाताने हलवून पाहा. तो काय सांगतो?

पहिली गोष्ट: दांडा हलतो, पण त्याच्याबरोबर शाफ्ट फिरत नाही. म्हणजे दांडा शाफ्टवर सैल झाला आहे. दांड्याच्या मुळाशी एक फट असते. त्या फटीतून आडवा बोल्ट जातो. बोल्ट आवळला की फट मिटते आणि दांडा शाफ्टला घट्ट धरतो. पुष्कळ गाड्यांत या बोल्टला दहा नंबरचा पाना लागतो. खड्ड्यांच्या रस्त्याने हा बोल्ट हळूहळू सैल होतो. तो आवळा. आवळताना बेताचा जोर लावा. हा बोल्ट नांगराचा नव्हे. फार जोर लावला तर त्याचे आटे जातात.

दांडा निघून खाली पडला असेल, तर मागे जाऊन शोधा. शाफ्टच्या टोकाला बारीक दाते असतात आणि दांड्याच्या भोकातही तसेच दाते असतात. माती पुसून, दात्यांत दाते बसवून दांडा आत सरकवा. पायाला पूर्वी जिथे लागत होता, त्याच उंचीवर बसवा. पुष्कळ गाड्यांत शाफ्टला आडवी खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो. त्यामुळे दांडा निसटत नाही. बोल्ट सहज आत जात नसेल, तर दांडा पुरता बसलेला नाही असे समजा. ठोकू नका. पुन्हा काढून बसवा.

बोल्टच हरवला असेल तर? नंबर प्लेटचा किंवा मडगार्डचा बोल्ट काही वेळा त्याच मापाचा निघतो. तो काढून लावून पाहा. पण ब्रेकचा, चाकाचा किंवा हँडलचा बोल्ट कधीही काढू नका. घर शाकारायला देवळाचा वासा काढावा, तसे ते होईल. काहीच मिळाले नाही, तर बारीक तार भोकातून घालून पकडीने पिळा. हळूहळू गावापर्यंत जाता येते.

दुसरी गोष्ट: बोल्ट पुरता आवळला, फट मिटली, तरी दांडा फिरतोच. म्हणजे दाते झिजले. सैल दांडा फार दिवस चालवला की असे होते. वाटेत यावर एक उपाय करता येतो. थंड पेयाच्या पातळ डब्याची पट्टी कापा. ती शाफ्टभोवती गुंडाळा, वर दांडा बसवा आणि बोल्ट आवळा. पट्टी कापताना बोट जपा. हा उपाय घरी पोचण्यापुरता. दुसऱ्या दिवशी नवा दांडा घालायचाच. दांड्याचे दाते गेले तर नुसता दांडा बदलून भागते. शाफ्टचे दाते गेले तर पुष्कळ गाड्यांत इंजिनाची बाजू उघडावी लागते. खर्चात किती फरक पडतो, हे तुम्ही जाणताच.

तिसरी गोष्ट: गाडी पडली आणि दांडा वाकला. तो इंजिनाला किंवा पाय ठेवायच्या दांडीला टेकतो, म्हणून गिअर पडत नाही. दांडा शाफ्टवर असताना हातोडी मारू नका. तो मार आत शाफ्टला बसतो आणि आतला भाग मोडतो. खुणेसाठी खडूची रेघ मारा, बोल्ट काढा, दांडा बाहेर घ्या. मग दगडावर ठेवून बेताने सरळ करा. पुन्हा खुणेवर बसवा. कधी नुसता चिखल वाळून दांड्याखाली अडकलेला असतो, कधी खडा, कधी पिशवीचा बंद. तेही पाहून घ्या. पावसाळ्यात हे फार होते.

चौथी गोष्ट: दांडा घट्ट आहे, पण उभ्या गाडीत गिअर पडत नाही. हा पुष्कळदा बिघाड नसतोच. आतली दातेरी चाके समोरासमोर आलेली असतात. क्लच दाबून गाडी थोडी पुढे-मागे हलवा आणि दांडा दाबा. गिअर पडेल.

पाचवी गोष्ट: गिअर पडताना कडकड आवाज होतो, गाडी झटका देते. मग दांड्याकडे पाहू नका, क्लचकडे पाहा. क्लचची तार सैल झाली असेल. क्लचची मूठ दाबताना टोकापाशी एक ते दोन सेंटिमीटर ती मोकळी चालते आणि मग ओढ लागते. पुष्कळ गाड्यांचे माप एवढेच असते. आपल्या गाडीचे माप पुस्तिकेत दिलेले असते. मूठ फार मोकळी चालत असेल, तर मुठीजवळची गोल चकती सैल करून बोल्ट थोडा बाहेर फिरवा आणि चकती पुन्हा आवळा. तारेच्या टोकाचे धागे तुटलेले दिसले तर तार बदला. तार अगदी तुटलीच असेल आणि जवळ दुसरी नसेल, तर गाडी हाताने ढकला. क्लचवाचून गाडी चालवणारे काही कसबी लोक असतात. आपण त्यांची नक्कल बाजाराच्या गर्दीत करू नये.

सहावी गोष्ट: दांडा दाबला की दबतो, पण आपोआप जागेवर येत नाही. म्हणजे आतली स्प्रिंग तुटली किंवा सुटली. अशा वेळी दांडा पायाने हळूच मधल्या जागी आणा आणि मग पुढचा गिअर टाका. असे करत सावकाश मिस्त्रीपर्यंत जाता येते. आणि सातवी गोष्ट: दांड्याबरोबर शाफ्ट फिरतो, तरी गिअर पडत नाही, आतून घासल्याचा आवाज येतो. म्हणजे बिघाड आतला आहे. तिथे आपले काम संपले. रस्त्यात इंजिन उघडू नका. आतली लहानशी वस्तू धुळीत हरवली, तर मिस्त्रीही काही करू शकत नाही.

दूधवाल्याची गोष्ट

आमच्या शेजारच्या गावात एक दूधवाला आहे. माणूस कष्टाळू, पण तापट. पहाटे दुधाचे दोन कॅन लावून निघायचा. दांडा पंधरा दिवस खुळखुळत होता. त्याचा भाऊ म्हणाला, "दादा, बोल्ट तेवढा आवळून घे."

"डेअरीची वेळ टळंल. रविवारी बघू," हा म्हणाला.

दोन रविवार गेले. मग एका पहाटे चढावर दांडा फिरू लागला. याने काय केले? खाली उतरून टाचेने दांड्यावर लाथा घातल्या. दाते होते नव्हते ते गेले. मग दगड घेऊन दांडा आत ठोकला. शाफ्ट वाकला. डेअरीची वेळ टळली, ऊन वर आले, आणि दोन्ही कॅन दूध नासले. गाडी चार दिवस मिस्त्रीकडे पडून राहिली. चार दिवस दूध पोचवायला त्याने दुसऱ्याच्या टेम्पोचे भाडे भरले.

पुढे तो आम्हांला भेटला, तेव्हा म्हणाला, "मास्तर, बोल्ट आवळायला वेळ नव्हता माझ्याकडं. आणि चार दिवस गाडीवाचून बसायला मात्र वेळ मिळाला!"

आता त्याच्या गाडीत दहा नंबरचा पाना असतो. दर रविवारी तो स्वतः बोल्ट पाहतो. त्याचा धाकटा मुलगा शेजारी उभा राहून शिकतो. आमच्या मते हेही शिक्षणच.

एकाच गिअरवर घर गाठणे

कधी दांडा मोडतो आणि हाताशी काहीच नसते. तेव्हा निरुपाय म्हणून शाफ्ट पकडीने फिरवता येतो. पकड धरली की दात्यांना थोडी इजा होते, म्हणून हा शेवटचा उपाय. इंजिन बंद हवे. गाडी पुढे-मागे हलवत शाफ्ट हळू फिरवा आणि दुसरा गिअर पडला की थांबा. पकड काढून घ्या. ती शाफ्टला लटकत ठेवून गाडी चालवू नका.

दुसराच का? पहिल्या गिअरवर इंजिन फार ओरडते आणि तापते. वरच्या गिअरवर गाडी जागची उचलत नाही. क्लच अर्धा धरून ओढली तर क्लच प्लेटा जळतात. जळका वास आला की समजा, क्लच चालला. दुसऱ्या गिअरवर क्लच सावकाश सोडून सपाटीवर गाडी निघते. पुष्कळ गाड्यांत क्लच दाबून धरला की गिअरमध्येही बटणाने इंजिन सुरू होते. मागे माणूस बसवू नका. ओझे उतरवा. वेग सायकलएवढाच ठेवा. मोठा चढ, मोठा उतार किंवा अंधार असेल, तर हा उद्योग करू नका. गाडी एखाद्या ओळखीच्या घरी, हॉटेलात किंवा पेट्रोल पंपावर सांगून ठेवा आणि एसटीने घरी या.

आपल्याकडे टोचन करायची चाल आहे. मागचा गाडीवाला आपला पाय पुढच्या गाडीच्या दांडीला लावतो आणि ढकलत नेतो. एक गाडी डगमगली की दोन्ही पडतात. घाटात, हमरस्त्यावर आणि रात्री तर हे करूच नका. दोरीने मोटारसायकल ओढणे त्याहून वाईट. टेम्पो मिळत असेल तर गाडी त्यात घालून आणा.

आधीच काय करावे?

दुखणे आल्यावर वैद्य शोधण्यापेक्षा दुखणे येऊच नये असे वागावे. आठवड्यातून एकदा दांडा हाताने हलवून पाहा. खुळखुळला तर तेव्हाच बोल्ट आवळा. दांड्याभोवतीचा चिखल धुवा. क्लचच्या तारेला तेल द्या. बहुतेक मोटारसायकलींत गिअर आणि इंजिन एकाच तेलात चालतात. तेल कमी झाले किंवा फार जुने झाले की गिअर जड पडतो. डब्यावर काही गाड्यांसाठी १० डब्ल्यू ३०, काहींसाठी २० डब्ल्यू ५० असे आकडे असतात. पुस्तिकेतला आकडा आणि डब्यावरचा आकडा जुळतो का, हे वाचून मगच तेल घ्या.

गाडीत एवढ्या वस्तू असू द्या: दहा नंबरचा पाना, पकड, डिसमिस, एक जास्तीचा बोल्ट, वावभर तार, जुने फडके आणि क्लचची एक तार. सगळे मिळून एका लहान पिशवीत मावते. पान्यावर नंबर कोरलेला असतो. तो वाचून पाना निवडा. चुकीच्या पान्याने बोल्टचे कोपरे झिजतात आणि मग तो कशानेच निघत नाही.

गाडी मिस्त्रीकडे नेलीत, तर नुसते "गिअर पडत नाही" म्हणू नका. काय झाले ते सांगा. दांडा फिरत होता का? आवाज कसा होता? गाडी पडली होती का? नीट सांगितले की मिस्त्रीचा वेळ वाचतो आणि तुमचा पैसा वाचतो. बदललेला जुना भाग मागून घ्या. पावती घ्या आणि तिथेच उभे राहून वाचा. कोणता भाग घातला, त्याची किंमत किती, मजुरी किती, हे त्यात लिहिलेले हवे. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही. उलट, गिऱ्हाईक जाणते आहे म्हणून तो अधिक मनापासून काम करतो.

बायाबापड्यांनी हे शिकू नये, असे कोणी म्हणेल तर ते ऐकू नका. आता आपल्या लेकी-सुना गाडी चालवतात. बोल्ट आवळायला मिशा लागत नाहीत. माहिती लागते.

लक्षात ठेवा

१. गिअर बिघडला की आधी डाव्या अंगाला थांबा.
२. इंजिन बंद करा, किल्ली काढा, मग हात लावा.
३. बाहेरचा बिघाड आपण पाहावा, आतला मिस्त्रीने.
४. लाथ आणि हातोडी यांनी गिअर सुधारत नाही.
५. न्यूट्रलवर घाट उतरू नका.
६. आजारी माणूस बरोबर असेल तर १०८ ला फोन करा.
७. रस्त्यात मांडलेले धोंडे जाताना उचला.

मंडळी, गाडी लोखंडाची आहे. ती आज ना उद्या बिघडणारच. पण बिघडलेल्या गाडीपाशी डोके शांत ठेवणे आपल्या हातात आहे. आज घरी गेलात की दिव्याच्या उजेडात गाडीजवळ बसा. दांडा हलवून पाहा. तो बोल्ट शोधा. पुस्तिका काढा आणि गिअरचे पान वाचा. एखादा शब्द अडला तर उद्या वर्गात विचारा. आम्ही सांगू.